जिथं तुम्ही मोगरी मारली नाहीत

भाऊजी,

गेलेल्या माणसाशी भांडू नये, असं घरी येणाऱ्या प्रत्येकानं मला सांगून झालंय. मी भांडणार आहे. जिवंत होतात तेव्हा तुम्ही मला एकही भांडण पुरं करू दिलं नाहीत. ऐन रंगात आलं की हातातला पाना भिंतीवर भिरकवायचात आणि शटरखालून वाकून निघून जायचात. आता कुठं जाल? शेडमध्ये खिळ्याला तुमचा फोटो टांगलाय, त्याला आपल्याच मळ्यातल्या शेवंतीचा हार आहे, आणि फोटोत तुम्ही गालातल्या गालात हसताय. असं हसताना तुम्हाला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. कुणाच्या तरी लग्नातला फोटो होता, त्यातून तुम्हाला कापून मोठं करून आणलंय.

गाडी ताडपत्रीखाली आहे. म्हणजे गाडीचं जे उरलंय ते. उजवी बाजू चेपून डाव्या बाजूला टेकली आहे, स्टिअरिंग सीटवर आलंय, आणि सीटवर जे आहे ते धुवायला मी कुणाला हात लावू दिलेला नाही.

परवा दहाव्याला रामकुंडावर तुमच्या दादांनी, म्हणजे आमच्या यांनी, तुम्हाला शब्द दिला की गाडी कशानं बंद पडली ते शोधून काढू. काल मी ते शोधून काढलं. दादांना अजून सांगितलेलं नाही. ते मामंजींना मळ्यात सोडायला गेलेत, चहाच्या वेळेपर्यंत परततील. त्यांना सांगायचं की गिळून टाकायचं, हे मला तेवढ्यात ठरवायचंय, आणि तुमच्याशी भांडल्याशिवाय ते काही ठरणार नाही.

लग्न होऊन मी तुमच्या घरात आले तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात वायरिंगच्या फळीवर काम करत होते. फळीवर खिळे ठोकलेले असतात, त्यांच्यामधून रंगीत वायरी फिरवायच्या, टोकांना टर्मिनल दाबायची, टेप गुंडाळायची, की झालं एका गाडीचं वायरिंग. त्याच कारखान्याच्या मागच्या गल्लीत तुम्हा दोघा भावांचं गॅरेज. दादांकडे लेथ आणि वेल्डिंग, तुमच्याकडे इंजिन. नाशकात तेव्हा रॅलीचं वेड चढत होतं. गंगापूर रोडच्या बंगल्यांमधली पोरं साध्या गाड्या आणून सोडायची आणि म्हणायची, हिला पळवा. तुम्ही गाडीचा मूळचा कारभार उपटून टाकायचात आणि बाहेरून मागवलेला ईसीयू बसवायचात. सगळे त्याला इंजिनाचा मेंदू म्हणायचे, तुम्ही नुसतं 'डबा' म्हणायचात. इंजिन किती फिरतंय, किती तापलंय हे सेन्सर डब्याला सांगणार, आणि पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची हे डबा ठरवणार. ते ठरवायचे आकडे तुम्ही लॅपटॉपवरून भरायचात. त्या आकड्यांच्या तक्त्याला मॅप म्हणायचं, एवढं मी पहिल्या आठवड्यात शिकले.

सेन्सरपासून डब्यापर्यंतच्या वायरी माझ्याकडे आल्या त्या भांडूनच. तुम्ही केलेलं वायरिंग मी एकदा बॉनेट उघडून पाहिलं आणि मला शिसारी आली.

"ह्या काय शेवया घातल्यात का?"

"चालतंय ना वहिनी."

"चालतंय तर काल ढकलत का आणली?"

दुसऱ्या दिवशी वायरींचं भेंडोळं आमच्या स्वयंपाकघरात आणून आपटलंत. मी कारखाना सोडून शेडमध्ये यायला लागले.

मी बांधलेलं पहिलं वायरिंग तुम्हाला आठवतं का? मला तुमच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायचा होता. तुम्ही इंजिन चालू केलंत, पत्रेवाले वापरतात तसली लाकडी मोगरी उचललीत आणि चालत्या इंजिनावर माझ्या वायरिंगला मारायला सुरुवात केलीत. वीत वीत पुढं सरकत, प्रत्येक जोडावर, दात खाऊन. मध्येच मुठीत धरून पिळत होतात, हिसडे देत होतात, आयाबहिणींवरून शिव्या घालत होतात. मी किंचाळले. तुम्ही मोगरी न थांबवता सांगितलंत, "मार खाल्ल्याबिगर वायर खरं बोलत नाय, वहिनी. हितं ठोकल्यावर इंजिन अडखळलं तर हितंच खोट हाय." इंजिन कुठंच अडखळलं नाही, तरी तुम्ही मारत राहिलात. शेवटी मी हातातली पक्कड तुमच्या अंगावर फेकली. ती खांद्यावर लागली. तुम्ही खांदा चोळत दादांना म्हणालात, "ही बाई ठिवायची आपल्याला."

तेव्हापासून आपलं हेच चाललं. गाडीत काही बिघडलं की तुम्ही ओरडणार "वायरिंग!" आणि मी ओरडणार "मॅप!" शेजारच्या शेडमधली माणसं चहाच्या पैजा लावायची. कधी तुम्ही जिंकायचात, कधी मी. मी जिंकले की तुम्ही काहीतरी फोडायचात. आपल्या शेडमध्ये धड कानाचा एक कप उरला नव्हता.

माणसांनाही तुम्ही असंच ठोकून तपासायचात. निनादचं तोंड मला अजून दिसतं. गंगापूर रोडचा, डॉक्टरांचा मुलगा, आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. हरून आला होता आणि चार लोकांत बोलून गेला की बाईमाणसानं केलेलं वायरिंग, दुसरं काय होणार. तुम्ही मागून आलात, त्याची मान धरलीत आणि तोंड बॉनेटवर दाबलंत. इंजिन नुकतंच बंद केलेलं, पत्रा तापलेला. "कुणी केलंय? परत बोल. कुणी केलंय?" त्याचा ओठ दातात येऊन फाटला. पांढऱ्या बॉनेटवर रक्ताचा फराटा उठला. मी तुमच्या दंडाला लोंबकळत होते तरी तुम्ही सोडत नव्हतात. मला भयंकर शरम वाटली. आणि खरं सांगते, आतून गारही वाटलं. माहेरी, कारखान्यात, कुठंच माझ्या कामासाठी कुणी कुणाची मान धरली नव्हती. मग तुम्ही त्याला सोडलंत, गाडीत डोकावलात आणि माझ्यावर खेकसलात, "पण वायरिंगच गंडलंय, वहिनी!" म्हणजे ते बोलायचा हक्क फक्त तुमचा. निनाद टाके घालून परत आपल्याकडेच आला, कारण तुमच्यासारखा मॅप नाशकात दुसऱ्या कुणाला जमत नव्हता.

तुमचं लग्न जमवता जमवता माझ्या नाकी नऊ आले. सिन्नरला मुलगी बघायला गेलो तर तुम्ही पोहे तसेच ठेवून तिच्या बापाच्या गाडीचं बॉनेट उघडलंत आणि ही गाडी आधी कुणी बघितली म्हणून त्या माणसाला झाडलंत. ओझरच्या मुलीनं विचारलं, रागीट आहात का? तुम्ही "नाय" म्हणालात ते इतक्या जोरात की तिच्या आईनं बशी खाली ठेवली. मी परत येताना रिक्षात पोट धरून हसले. तुम्हीही हसत होतात, पण बाहेर तोंड करून. कुणाच्या पोरीला कशाला मार खायला आणायची, एवढंच तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, बायकोला माराल तर हात तोडीन. तुम्ही म्हणालात, म्हणूनच नको. तेव्हा मला दादांचा कान आठवला.

तो दिवस मी तुम्हाला कधी माफ केला नाही. दादांनी इंजिनासाठी पाया वेल्ड करून दिला होता. चाचणीला निघालात आणि ते वेल्डिंग सुटलं. इंजिन खाली बसलं, पंखा रेडिएटरमध्ये घुसला, बॉनेट उघडलंत तर उकळतं पाणी तुमच्या मांडीवर आलं. भाजलेल्या मांडीनं लंगडत तुम्ही गल्लीत आलात ते तुटलेला लोखंडी तुकडा हातात घेऊनच. दादा लेथवर वाकले होते. तुम्ही "दादा, वेल्डिंग सुटलं" एवढंच ओरडलात. लोखंड खाली टाकलंत, तेवढी अक्कल शाबूत होती, आणि उघड्या पंजानं त्यांच्या डाव्या कानाखाली जाळ काढलात. पोटातून अंगाची सगळी ताकद लावून. त्यांचं डोकं लेथच्या दांड्यावर आपटलं. कानातून रक्ताची बारीक धार मानेवरून शर्टात गेली. त्यांनी हात उगारला नाही. तिथंच खाली बसले आणि म्हणाले, "माझीच चूक हाय रे."

तो कान गेला. पण कानापेक्षा वाईट म्हणजे त्यांचा हात गेला. वेल्डिंगची कांडी धरली की बोटं थरथरायची. तो अख्खा हंगाम ते लेथ सोडून कशाला शिवले नाहीत. जेवताना घास तोंडाशी नेऊन थांबायचे. मी तुम्हाला शेडच्या दारात गाठून सांगितलं होतं, पुन्हा यांना काही बोललात तर हा माणूस संपेल, मग तुमच्या मॅपला घाला चुलीत. तुम्ही माफी मागितली नाहीत. तुम्हाला ती मागताच येत नव्हती. फक्त त्या दिवसापासून तुम्ही कायम त्यांच्या उजव्या बाजूनं चालायला लागलात, म्हणजे बोललेलं त्यांना ऐकू जावं. बसमध्ये, मळ्यात, मयताच्या मागूनसुद्धा. आणि पुढं त्यांनी पुन्हा वेल्डिंग धरलं तरी त्यांच्या कामाला तुम्ही एका शब्दानं वाईट म्हटलं नाहीत. मला वाटलं, दादांचं काम आता बिनचूक झालंय.

मग ही शेवटची गाडी आली. निनादचीच. इंजिन तापलं आणि वरच्या फेऱ्यांना गेलं की पापणी लवेपर्यंत मरायचं आणि धक्का देऊन परत जिवंत व्हायचं. रॅली तोंडावर आलेली. तुम्ही मोगरी घेतलीत आणि माझ्या वायरिंगला असं बडवलंत की टेप फाटून आतला तांब्याचा रंग दिसायला लागला. इंजिन एकदाही अडखळलं नाही. मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बोलली का वायर? आता मॅप बघा." तेव्हा तुम्ही पहिल्यांदा एकेरीवर आलात.

"तुझं वायरिंग खोटं बोलतंय!"

"मग उपट!"

तुम्ही खरंच उपटलंत. दोन्ही हातांनी, मुळासकट भाजी उपटावी तसं. माझी आठवड्याची मेहनत तुमच्या मुठीत लोंबत होती. माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं आणि मी तुमच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. तुम्हीही मला ढकललं नाहीत. सुटल्यावर मनगट चोखत खाली बसलात आणि म्हणालात, "दात बरे हायेत वहिनींचे."

मी सगळं वायरिंग नव्यानं बांधलं. इंजिन तरीही मरत होतं. तुम्ही तरीही "वायरिंग!" म्हणून ओरडत होतात, नेहमीपेक्षा मोठ्यानं, इतकं की बाहेर माणसं जमली. दादा पाठ करून लेथवर उभे होते. ओरडता ओरडता तुम्ही एकदा माझ्याकडे न बघता त्यांच्या पाठीकडे बघितलंत. मी ते पाहिलं आणि विसरून गेले.

सुटीच्या दिवशी मी तुमचं जेवण घेऊन आले तर शटर आतून लावलेलं. बऱ्याच वेळानं उघडलंत. झोपलो होतो म्हणालात. तुमच्या बोटांना काळा रंग लागला होता, ताजा वास येत होता. मी विचारलं नाही. मला वाटलं, आमच्यापासून लपवून बाहेरचं काम करताय, वेगळं व्हायचा विचार दिसतोय. त्या रागात मी तुम्हाला वरण वाढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गाडी गिरणाऱ्याच्या रस्त्याला काढलीत. काच खाली करून मला म्हणालात, "आज तुमचं तोंड बंद करतो, वहिनी." माझ्याशी तुम्ही बोललात ते शेवटचं.

वळणाजवळच्या वावरात बायका टोमॅटो तोडत होत्या. त्यातली एक मला सांगत होती, "लय जोरात आवाज येत व्हता बघा, येतोय, येतोय, आन मंग एकदम कायच नाय. गप. मंग धाडकन." भर वेगात, वळणाच्या पोटात इंजिन मेलं. मागची चाकं घसरली, गाडी आडवी झाली आणि तुमच्या बाजूनं चिंचेवर गेली. झाडाची साल पुरुषभर उंच सोलली गेली आहे. पेट्रोल सांडलेलं, म्हणून गॅसकटर लावता येईना. हातात हॅक्सॉ घेऊन कुणी पुढं होईना. दादांनी ती घेतली आणि दाराचा खांब कापला. पातं तुटलं की दुसरं चढवत होते. आत तुम्ही होतात, अर्धे माणूस आणि अर्धे पत्रा. त्यांचा हात थरथरला नाही, भाऊजी. मी शेजारी उभी होते. एकदाही थरथरला नाही.

रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. आत्यांनी सांगितलं, लग्न राहिलं म्हणून अडलाय. मामंजींनी मळा जपायचं वचन दिलं, निनादनं गॅरेज चालू ठेवायचं वचन दिलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडून मनात म्हणाले, वायरिंग चुकलं एवढं सोडून काहीही मागा. कावळा दगडावर बसून राहिला. मग दादा पुढं झाले आणि म्हणाले, "रघू, गाडी कशानं बंद पडली ते आम्ही शोधून काढू." कावळा उतरला. आत्यांनी मला कोपरानं ढोसलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण माझ्या अंगावर काटा आला.

काल मी ताडपत्री ओढली आणि तुमची मोगरी हातात घेतली. माझ्या वायरिंगला मी स्वतः कधी मारलं नव्हतं. मारलं. रडत मारलं, तुमच्याच शिव्या देत मारलं. मग एकेका वायरीला मीटर लावला. एकही तुटलेली नव्हती. गाडी फुटली, माणूस फुटला, आणि माझं वायरिंग जसंच्या तसं. जिंकल्याचा मला इतका संताप आला की मी मोगरी भिंतीवर फेकली. डबाही शाबूत होता. निनादनं पुण्याहून एक मॅपवाला आणला होता, त्यानं तुमचा मॅप उघडून पाहिला आणि म्हणाला, यात बोट ठेवायला जागा नाही.

मग राहिलं काय? राहिला क्रँकचा सेन्सर. इंजिनाच्या पुलीला दातेरी चाक असतं, आणि त्याच्यासमोर, मध्ये पोस्टकार्ड जाईल एवढ्याच फटीवर, हा सेन्सर उभा असतो. दाते मोजून तो डब्याला सांगतो की इंजिन फिरतंय. फट जरा वाढली की डबा आंधळा, आणि डबा आंधळा की इंजिन मेलं. सेन्सर ज्या लोखंडी ब्रॅकेटवर बसतो ते दादांनी बनवलेलं. मी ते काढलं. त्यावर ताजा काळा रंग होता. रंग खरवडला तर खाली वेल्डिंगला भेग. अपघातात तुटलं असतं तर आतलं लोखंड चकचकीत दिसलं असतं. हे आत काळं पडलं होतं, म्हणजे भेग जुनी. आणि भेग दाबून बसावी म्हणून आत पितळेच्या पत्र्याचं पॅकिंग घातलेलं, ते भर वेगातल्या हादऱ्यांनी सरकून फट उघडलेली, पण त्याच्या कडा कानशीनं गोल घासलेल्या. कुणाच्या बोटाला कापू नये म्हणून बारक्यातल्या बारक्या पत्र्याची कड तुम्ही अशी गोल करायचात. ज्या हातानं भावाचा कान फोडला त्याच हातानं.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

तुम्ही कधीपासून ओळखलं होतंत कुणास ठाऊक. मी नवं वायरिंग बांधत असताना? मी चावले तेव्हा? मला वाटतं तेव्हाच, नाहीतर मला ढकललं असतंत. पण "दादा, वेल्डिंग सुटलं" हे शब्द तुमच्या तोंडातून परत निघेनात. म्हणून तुम्ही माझ्यावर ओरडलात, एवढ्या मोठ्यानं की दादांना वायरिंगशिवाय दुसरं काही सुचू नये. मला निवडलंत, कारण मी परत चावते. बाकी सगळीकडे तुम्ही मोगरी मारलीत, माझ्यावर, निनादवर, वायरिंगवर, साऱ्या अंबडवर. त्या एका जागेवर मात्र पितळेची घडी घातलीत आणि वरून रंग लावलात. जन्मात एकदाच कुणाशी हळू वागलात आणि त्यातच मेलात. अहो, साधं नवं ब्रॅकेट मागायचं होतं! मला सांगायचं होतं, मी मागितलं असतं! पण मीच तुम्हाला दारात अडवून धमकावलं होतं, हा माणूस संपेल म्हणून. ते तुम्ही माझं ऐकलंत. बाकी कधी ऐकलं नाहीत.

ठरलं माझं. दादांना मी मॅप म्हणून सांगणार. तुमचा मॅप चुकला. मेलेल्याला काय लागतंय? तुम्ही त्यांच्यासाठी माझ्यावर ढकललंत, मी त्यांच्यासाठी तुमच्यावर ढकलते. फिट्टंफाट. ब्रॅकेट फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवलंय, उद्या विहिरीत टाकून येईन. तुम्ही तिकडे काय फोडायचं ते फोडा.

इथवर लिहिलं आणि शटर वाजलं. पुढचं त्यानंतर लिहितेय.

दादा आले, चपला काढल्या, माझ्याकडे बघितलं.

"घावलं का काय?"

"हो."

"काय?" उजवा कान माझ्याकडे केला.

"मॅप. भाऊजींचा मॅप चुकला होता."

त्यांनी वाकून भिंतीजवळ पडलेली तुमची मोगरी उचलली आणि टेबलावर मारली. पाने उडाले, मीटर खाली पडून फुटला. दुसरा घाव. तिसरा. कधी गाईला काठी न मारलेला माणूस, मानेच्या शिरा फुगलेल्या. "त्याचा मॅप चुकत नाय! माझ्या भावाचा मॅप आजवर चुकला नाय! खोटं बोलतीस माझ्याशी!" चहाचं भांडं गेलं, लॅपटॉपची काच गेली. तुम्ही वायरिंगला मारायचात तसेच ते वीत वीत माझ्याकडे सरकत येत होते. मला मारणार नाहीत हे मला माहीत होतं, तरी मी हरले. खण उघडला आणि फडकं त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी ते सोडलं. भेग बघितली. पितळेची पट्टी काढून तिच्या गोल कडेवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मी त्यांना धरायला पुढं झाले, कारण मला वाटलं, आता हा माणूस संपला. तुम्हालाही हेच वाटत होतं ना? आपल्या दोघांनाही तेच वाटत आलं इतकी वर्षं. ते संपले नाहीत. त्यांनी माझा हात बाजूला केला, ब्रॅकेट घेऊन तुमच्या फोटोपुढं गेले आणि असे ओरडले की बाहेरची माणसं दारात आली.

"मारायचं ना मंग मला! अजून एक कान व्हता ना माझा!"

माणसं गेली. मी शटर अर्धं ओढून घेतलंय. दादा अजून तिथंच उभे आहेत, मुठीत पितळ घट्ट धरून, उजवा कान तुमच्या फोटोकडे करून.

बोला ना काहीतरी, भाऊजी.